मत्स्यपेटीचा सांडवा

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला ‘सांडवा’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. गोदावरीच्या पात्रात आडवे घातलेले दगडी सांडवे येथे सर्वांच्या परिचयाचे आहेत. नदीकाठच्या एका देवीला तर ‘सांडव्यावरची देवी’ असेच नाव पडले आहे. सांडणे म्हणजे नको तेथे, नको तेव्हा वाहून जाणे. आणि सांडवा म्हणजे जे सांडणारच आहे त्याला आपण आधीच नेमून दिलेली जागा. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन शब्दांमध्ये फरक आहे तो एवढ्या योजनेचाच. पाणी दोन्हीकडे काठावरूनच जाते. पण एकीकडे घरात चिखल होतो आणि दुसरीकडे बंधारा शाबूत राहतो.

हा सांडवा दिवाणखान्यातील काचेच्या मत्स्यपेटीला कसा बसवतात, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. बाजारात त्याला ‘ओव्हरफ्लो बॉक्स’ म्हणतात. सोबत येणारे माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते, आणि त्यात काय करावे हे दिलेले असले तरी ते का करावे हे क्वचितच दिलेले असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे की, ही वस्तू समजून घ्यायला लागणारे ज्ञान आपल्या जिल्ह्याच्या शिवारात आणि नदीच्या घाटावर पसरलेले आहे. ते फक्त एका ठिकाणी आणून जुळवायचे आहे.

प्रथम गरज कशाची, ते पाहू. साध्या मत्स्यपेटीत पाणी स्थिर असते. स्वयंपाकघरातील फोडणीचा तेलकट अंश, उदबत्तीचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि माशांच्या खाद्यातील स्निग्धता यांचा एक पातळ तवंग पृष्ठभागावर साचतो. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि तो प्राणवायू मुख्यत्वे या पृष्ठभागातूनच आत येतो. वर तवंगाची चादर पसरली की खालच्यांचा श्वास कोंडू लागतो. गाळणी पेटीच्या तळाशी कितीही चांगली असली, तरी ती वरचा तवंग उचलत नाही. म्हणून हौशी लोक मोठ्या पेटीच्या खाली, कपाटात, दुसरी लहान पेटी ठेवतात. वरच्या पेटीतील सर्वांत वरचे पाणी सांडव्यावरून खाली उतरते, खालच्या पेटीत गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढवले जाते. याचा आणखी एक लाभ असा की, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी कमी झाले तरी वरच्या पेटीची पातळी हलत नाही. घट दिसते ती फक्त खालच्या पेटीत, पंपाच्या कप्प्यात.

आता अडचण. पाणी वरून खाली आणायचे तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काचेला भोक पाडणे. साध्या काचेला हिऱ्याची कणी बसवलेल्या बिटाने, वर पाणी सोडत सोडत, भोक पाडता येते. परंतु उष्णता देऊन कडक केलेली काच असेल, तर बिट लागताच तिचे क्षणात तुकडे तुकडे होतात. बाजारातील तयार पेट्यांच्या काही काचा, विशेषतः तळाच्या, अशा कडक केलेल्या असतात. शिवाय भरलेली, मासे असलेली पेटी रिकामी करून भोक पाडायला कुणाचे मन धजावेल? मग पाणी काठावरूनच न्यायला हवे.

काठ म्हटला की चौकट आली. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्यांना वर आणि खाली प्लॅस्टिकची पट्टी असते. ती केवळ शोभेची असते असा समज आहे. तो चुकीचा आहे. ९० सें.मी. लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी पेटी घेतली तर तिच्यात काठोकाठ सुमारे १८२ लिटर पाणी मावते. म्हणजे पावणेदोनशे किलोहून अधिक वजन. हे पाणी लांब काचांना सतत बाहेर ढकलत असते आणि काच मध्यभागी किंचित फुगते. वरची चौकट, आणि असल्यास मधली आडवी पट्टी, या दोन लांब काचांना एकमेकींकडे धरून ठेवते. म्हणून सांडव्याला जागा करण्यासाठी चौकट कापू नये. चौकट जशी आहे तशी ठेवून तिच्यावरून पलीकडे जायचे, हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराला हीच अडचण वेगळ्या रूपात परिचयाची आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या भागांत शेततळ्यांना आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्या कागदाला भोक पाडणे म्हणजे तळेच गमावणे. मग पाणी बाहेर काढायचे कसे? अनेक ठिकाणी पाइप तळ्यात सोडून भरावावरून पलीकडे टाकतात, एकदा पाण्याने भरून घेतात, आणि मग पाणी आपोआप भराव चढून पलीकडच्या खालच्या शेतात उतरते. याला शेतकरी सायफन म्हणतो, शाळेच्या पुस्तकात वक्रनलिका म्हणत.

पाणी चढ चढते हे प्रथम ऐकताना खोटे वाटते. पण वक्रनलिकेचे दोन पाय असतात. एक आखूड, एक लांब. पलीकडच्या लांब पायातील पाणी खाली ओढले जाते, त्यामुळे माथ्यावरचा दाब कमी होतो, आणि तळ्याच्या पृष्ठभागावर दाबणारी हवा आखूड पायातील पाणी वर ढकलते. चढणे उसने असते. उतरणे खरे असते. या चढण्याला मर्यादाही हवेच्या दाबाचीच आहे. समुद्रसपाटीला हवा सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच असल्यामुळे येथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. मत्स्यपेटीच्या चौकटीवरून जायला दहाबारा सेंटिमीटर चढणे पुरते. तेव्हा उंचीची चिंता नाही. चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

ती समजण्यासाठी वासुदेवाचा प्याला आठवावा. धातूच्या प्याल्यात मध्यभागी बाळकृष्णाला घेतलेल्या वसुदेवाची मूर्ती असते. प्याल्यात पाणी ओतत गेलो की ते चढत चढत बाळाच्या पायाला लागते, आणि तत्क्षणी सगळा प्याला तळाच्या छिद्रातून रिकामा होतो. यमुना ओसरली, असे म्हणून पाहणारे हात जोडतात. मूर्तीच्या पोटात वाकवलेली नळी लपवलेली असते. पाणी तिच्या माथ्यावर पोहोचले की वक्रनलिका सुरू होते. पश्चिमेकडे असाच प्याला पायथागोरसच्या नावावर सांगतात. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, प्याला फक्त जास्तीचे पाणी सोडून थांबत नाही. एकदा सुरू झाला की नळीच्या तोंडापर्यंतचे सगळे पाणी घेऊनच थांबतो. सांडवा जास्तीचे तेवढे देतो. वासुदेवाचा प्याला सगळेच देऊन टाकतो.

आता समजा, आपण मत्स्यपेटीत नुसती वाकवलेली नळी सोडली आणि तिचे दुसरे टोक खालच्या पेटीत ठेवले. पंप जितके पाणी वर पाठवतो नेमके तितकेच नळी खाली आणील, असे होणे अशक्य आहे. नळीतून जास्त गेले तर वरची पेटी नळीच्या तोंडापर्यंत रिती होणार आणि खालची वाहणार. कमी गेले तर वरची वाहणार. समजा कसेबसे जुळवलेही, तरी वीज जाते. पंप थांबतो, नळी मात्र थांबत नाही. ती वरचे पाणी तोंड उघडे पडेपर्यंत खाली नेते. मग नळीत हवा शिरते. वीज परत येते, पंप सुरू होतो, पण हवा भरलेली नळी आता मुकी झालेली असते. पंप वर ओततच राहतो. घरी कुणी नसेल तर संध्याकाळी कुलूप उघडल्यावर दारातच पाणी भेटते, आणि त्या पाण्यात विजेच्या वायरी असतात हे विसरून चालत नाही.

ओव्हरफ्लो बॉक्सची युक्ती अशी, की त्यात सांडवा आणि वासुदेवाचा प्याला यांची सांगड घातलेली आहे. दोन लहान पेट्या असतात. एक चौकटीच्या आत, पाण्यात टांगलेली. तिच्या वरच्या कडेला कंगव्यासारख्या खाचा असतात. दुसरी चौकटीच्या बाहेर टांगलेली. दोघींच्या मधून, चौकटीवरून, उलट्या ‘यू’ आकाराची नळी जाते. बाहेरच्या पेटीत एक उभी आडभिंत असते. पाणी त्या भिंतीवरून पडते आणि मग तळाच्या छिद्रातून खाली जाते.

पाण्याबरोबर आपणही एक फेरी मारू. मोठ्या पेटीतील वरचे पाणी खाचांमधून आतल्या पेटीत पडते: हा पहिला सांडवा. आतल्या पेटीतून ते यू-नळीने बाहेरच्या पेटीत येते: ही वक्रनलिका. तेथे आडभिंतीवरून उलटते: हा दुसरा सांडवा. आता वीज गेली असे समजा. पंप थांबतो. मोठ्या पेटीची पातळी खाचांच्या तळापर्यंत उतरते आणि पहिला सांडवा कोरडा पडतो. आतल्या पेटीतील पाणी यू-नळीतून थोडे जात राहते, पण किती? बाहेरच्या आडभिंतीच्या उंचीइतकी पातळी येईपर्यंतच. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वाहणे थांबते. थांबते, पण तुटत नाही; कारण नळीचे दोन्ही पाय अजून पाण्यातच बुडालेले आहेत आणि नळी पाण्याने भरलेलीच आहे. वीज आली, खाचांवरून पाणी पडू लागले, आतल्या पेटीची पातळी बोटभर वाढली, की नळी पुन्हा वाहू लागते. कुणी तोंड लावून ओढावे लागत नाही. दोन सांडव्यांच्या मध्ये कोंडल्यामुळे सगळे देऊन टाकणाऱ्या नळीला जास्तीचे तेवढेच देण्याची शिस्त लागते.

हे झाले तत्त्व. आता बसवण्याकडे वळू.

पहिली गोष्ट चौकटीच्या मापाची. बॉक्स विकत घेताना लोक काचेची जाडी मोजतात. मोजायला हवी ती चौकटीची पूर्ण रुंदी आणि उंची. यू-नळीच्या दोन पायांमधील अंतर चौकटीच्या रुंदीहून पुरेसे जास्त हवे, आणि माथा चौकटीला न टेकता वरून गेला पाहिजे. चौकट काचेच्या बाहेर थोडी पुढे आलेली असते. त्यामुळे बॉक्स वर चौकटीला टेकतो आणि खाली काचेपासून सुटा राहतो; बाहेरच्या पेटीत पाणी आले की तो कलतो. यासाठी चौकटीच्या खाली, काच आणि बॉक्स यांच्या मध्ये, चौकट जेवढी पुढे आली आहे तेवढ्याच जाडीची अॅक्रिलिकची किंवा लाकडाची पट्टी भरावी. मग बॉक्सचे स्क्रू त्या पट्टीवर हलके आवळावेत. सरळ काचेवर स्क्रू जोराने आवळू नये.

दुसरी गोष्ट सपाटीची. गवंडी जसा पाणसळ लावल्याशिवाय वीट ठेवत नाही, तसे आधी पेटी आणि मग बॉक्सची खाचांची कड तपासावी. कड एका बाजूला उतरती राहिली तर सगळे पाणी त्याच कोपऱ्यातून जाते आणि दुसऱ्या बाजूचा तवंग जागचा हलत नाही.

तिसरी गोष्ट पातळीची. मत्स्यपेटीत पाणी कुठवर राहील हे पंप ठरवत नाही, खाचांची उंची ठरवते. एखाद्या सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याचा थर किती जाड होतो, याचे गणित स्थापत्यशास्त्रात आहे. तासाला हजार लिटर पाणी आणि खाचा वजा जाता पंधरा सेंटिमीटर मोकळी कड, असे धरले तर थर सुमारे एक सेंटिमीटर येतो. कड दुप्पट लांब केली तर थर जवळपास सहा मिलिमीटरवर येतो. थर पातळ तितका तवंग चांगला निघतो. म्हणून सांडवा नेहमी लांब असावा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरला बांधलेला बंधारा पाहिला की हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. बंधाऱ्यामागे साचलेल्या उथळ पाण्यावर पुढे पक्ष्यांचे अभयारण्य उभे राहिले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. पाण्याची पातळी राखणे म्हणजे त्यातील जीव राखणे, हे तेथेही खरे आहे आणि कपाटावरच्या पेटीतही.

हजार लिटर म्हटल्यावर पुष्कळ वाटते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले, अशा बातम्या आपण वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आपला पंप एका क्युसेकचा शंभरावा भागही पुरता देत नाही. पण हिशेब तोच करावा लागतो.

चौथी गोष्ट यू-नळीच्या जाडीची. येथे मोठी नळी म्हणजे सुरक्षित नळी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नळीच्या माथ्यावर दाब कमी असल्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा तेथे बुडबुड्यांच्या रूपाने सुटते; शिवाय पेटीतील हवेच्या दगडाचे बुडबुडेही आत ओढले जातात. पाणी वेगाने वाहत असेल तर ते बुडबुड्यांना पुढे रेटून नेते. पाणी संथ असेल तर बुडबुडे माथ्यावर साचत जातात, आणि एक दिवस हवेचा तुकडा एवढा मोठा होतो की धार तुटते. एक इंची नळीतून तासाला हजार लिटर गेले तर वेग सेकंदाला सुमारे ५५ सें.मी. पडतो आणि दोन पेट्यांच्या पातळीत थोड्या सेंटिमीटरचा फरक पुरतो. तेवढ्याच पाण्याला दोन इंची नळी लावली तर वेग चौथाईवर येतो. तेव्हा नळी पंपाच्या मानाने निवडावी. जास्त पाणी न्यायचे असेल तर एका जाड नळीपेक्षा दोन बेताच्या नळ्या बऱ्या. एकीने हवा धरली तरी दुसरी थोडा काळ निभावून नेते.

‘हवा धरणे’ हा शब्दप्रयोग मी पुस्तकातून घेतलेला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयात गेलेले नाही. पण विहिरीवरची मोटार नुसती गुरगुरू लागली की वडील लांबूनच सांगत, फुटव्हॉल्व्ह गळतोय, मोटारीने हवा धरली. आणि कळशीभर पाणी ओतून पाइप भरून घेत. वक्रनलिकेचा धडा वर्गात आला तेव्हा तो मला नवा वाटला नाही, नाव तेवढे नवे वाटले. शेतात वावरलेल्या कुठल्याही माणसाला ओव्हरफ्लो बॉक्स समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतील, असे माझे मत आहे. त्याला फक्त माहितीपत्रक वाचता येत नाही.

हवेविषयी आणखी एक. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले. त्या नळाच्या वाटेवर मध्ये मध्ये उंच बांधकामे आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ असे सुंदर नाव आहे. नळात कोंडलेली हवा आणि दाब त्यातून मोकळा होतो. आपल्या बॉक्समध्येही बाहेरच्या पेटीतून खाली उतरणाऱ्या पाइपला असा उच्छ्वास लागतो. नाही तर पाण्याबरोबर हवा गटागटा ओढली जाते, रात्रभर मोरीसारखा आवाज येतो आणि पातळी वरखाली होते. उतरत्या पाइपच्या वरच्या टोकाला टोपण लावून त्यात बारीक छिद्र ठेवले की आवाज बसतो. यू-नळीचे मात्र बरोबर उलटे आहे. तिच्या माथ्याला सुईएवढे छिद्र पडले तरी ती मेली. एकाच पेटीत एका नळीला उच्छ्वास हवा आणि दुसरीला तो घातक, हे ज्याच्या ध्यानात राहिले त्याला अर्धे काम आले.

बाहेरच्या पेटीच्या तळाला पाइप जोडताना नळकामवाल्यांकडे मिळणारे टँक निपल वापरतात. त्याचे रबरी वायसर पेटीच्या आतल्या बाजूला बसवावे आणि नट हातानेच आवळावा. उतरता पाइप यू-नळीपेक्षा जाड ठेवावा, कारण तेथे पाणी साचून चालत नाही.

सुरुवात करताना प्रथम दोन्ही लहान पेट्या पाण्याने भराव्यात. यू-नळी त्यात बसवून एक बारीक लवचीक नळी तिच्या माथ्यापर्यंत सरकवावी आणि तोंडाने हवा ओढावी. पाणी माथा ओलांडून भरले, बुडबुडा उरला नाही असे दिसले, की बारीक नळी काढून घ्यावी. मग पंप सुरू करावा.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो बसवण्याचा नसून बेरीज-वजाबाकीचा आहे. वर घेतलेल्या ९० × ४५ सें.मी.च्या पेटीत पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे चार लिटर. खालची पेटी ६० × ३० × ३० सें.मी.ची आहे, ती काठोकाठ ५४ लिटरची. तिचा ४० सें.मी. भाग गाळणीचा, त्यात पाणी २० सें.मी. उंच, म्हणजे २४ लिटर. उरलेला २० सें.मी. भाग पंपाचा, त्यात पाणी १४ सें.मी. उंच, म्हणजे सव्वाआठ लिटरच्या थोडे वर. चालू स्थितीत एकूण ३२ लिटर. रिकामी जागा सुमारे २२ लिटर. या हिशेबाला दोन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: वीज गेली तर खाली किती पाणी येईल? खाचांवरचा एक सेंटिमीटर थर तर येईलच. पण पंपाकडून वर जाणारा पाइपही आता उलटा वाहू लागतो. पंप थांबताच तोही एक वक्रनलिका बनतो. त्याचे तोंड पाण्यात १५ सें.मी. खोल असेल, तर १५ सें.मी.चा थर, म्हणजे ६० लिटर पाणी खाली येईल. जागा २२ लिटरची. जवळपास ४० लिटर जमिनीवर. यावर उपाय पैशाचा नाही. त्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली दोन सेंटिमीटरवर एक लहान छिद्र पाडायचे. पातळी छिद्राशी आली की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. मग दोन सेंटिमीटरचे आठ लिटर आणि पाइपांतले दोनेक लिटर, एवढेच खाली येते. हे छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून महिन्यातून एकदा काडीने साफ करावे. पाणी मागे येऊ न देणारी झडप बाजारात मिळते. पण तिच्यात एखादी गोगलगाय अडकली तरी ती उघडी राहते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न: यू-नळीने हवा धरली आणि पंप चालूच राहिला तर? पंप त्याच्या कप्प्यातले पाणी वर चढवील. पंपाचे तोंड तळापासून दोन सेंटिमीटरवर असेल तर १२ सें.मी. पाणी, म्हणजे सव्वासात लिटर वर जाईल आणि मग पंप हवा ओढू लागेल. वर चालू पातळीपासून काठापर्यंत दोन सेंटिमीटर जागा राखली असेल तर तेथे आठ लिटर मावते. जमीन कोरडी राहिली. पंप मात्र कोरडा चालून जळू शकतो. पण पंप बदलता येतो. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. पुष्कळजण पाणी सारखे भरावे लागू नये म्हणून तो मोठा ठेवतात, आणि तेथेच चुकतात.

हे दोन्ही प्रश्न कागदावर सोडवून झाले की प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. मासे घालण्यापूर्वी, घरात असताना, पंपाचे बटण बंद करून अर्धा तास वाट पाहावी. पुन्हा सुरू करावे. असे दहा वेळा करावे. नंतर मुद्दाम यू-नळी उचलून हवा भरू द्यावी आणि पंप चालू ठेवून पाणी कुठवर चढते ते पाहावे. विजेच्या वायरीला भिंतीकडे जाण्यापूर्वी खाली एक झोल ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाशी ठिबकून पडते, बटणापर्यंत जात नाही.

एवढ्या लहान वस्तूसाठी एवढा हिशेब कशाला, असे वाटू शकेल. पण सांडव्याचा हिशेब चुकला म्हणजे काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरवीजवळचे मच्छू-२ धरण फुटले. पुराचे पाणी सांडव्याच्या क्षमतेपेक्षा जास्त आले, ते मातीच्या भरावावरून वाहिले आणि भराव वाहून गेला. हजारो माणसे दगावली. दगडी सांडव्यावरून पाणी गेले तर तो टिकतो, मातीच्या भरावावरून गेले तर भराव टिकत नाही. आपले गंगापूर धरणही मातीचे आहे. म्हणून त्याला दरवाजांचा सांडवा आहे, आणि म्हणूनच पावसाळ्यात ते दरवाजे वेळेवर उघडावे लागतात. मग रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागते आणि सगळे शहर त्याच्याकडे पाहून पूर मोजते. १९६९ मध्ये, २००८ मध्ये, २०१६ मध्ये आणि २०१९ मध्ये नाशिकने हे मोजमाप केले आहे. सांडवा पूर नाहीसा करीत नाही. तो पुराला वाट देतो आणि धरण वाचवतो. त्या वाटेवर पुढे कोण राहते, हा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो.

बागलाणातील मोसम नदीवरची आणि धुळ्याकडील पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी चालवली, त्यांनी हा हिशेब कितीतरी पिढ्या ठेवला. बंधाऱ्यात अडवलेले पाणी पाटात, पाटातले फडात, आणि उरलेले सांडीतून परत नदीत. शेवटच्या शेतकऱ्याचे शेत बुडू नये यासाठी वरच्यांनी किती घ्यावे आणि जास्तीचे कुठे सोडावे, हे ठरलेले असे. त्यात कुठेही इंग्रजी माहितीपत्रक नव्हते.

ज्या वाचकांच्या घरी चौकटीची पेटी असेल आणि जे हा बॉक्स बसवू पाहत असतील, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी एक फूटपट्टी आणि कागद घ्यावा. चौकटीची रुंदी, पेटीचे क्षेत्रफळ, खालच्या पेटीतील रिकामी जागा, पंपाच्या कप्प्यातील पाणी आणि परतीच्या पाइपच्या तोंडाची खोली, हे पाच आकडे मांडावेत. वीज गेली तर काय आणि हवा धरली तर काय, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर कोरडी निघाली, तरच पैसे मोजावेत.